थेंबाच्या पोटात धूर

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८५८

हिलाल,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर ठेव बाजूला, पण पुढचं वाच.

आज सकाळी तू मेला असतास.

माझ्या मिरची वाळवायच्या पथारीसमोर, नाल्याच्या पुलाअलीकडे. तुला ठाऊकही नसेल. धुकं असं होतं की मला माझ्या पायाची बोटं दिसत नव्हती. तुझा हातोडा तेवढा ऐकू येत होता, टण टण. मग मागून मालगाडी आली. शिटी वाजली. हातोडा थांबला नाही. मी ओरडले. तुला ओरडून काय उपयोग ते मला कळतं, पण तोंड आपोआप उघडतं. गाडी धडधडत गेली आणि त्या आवाजात हातोडा बुडाला. मी तिथेच मिरचीत बसले.  गाडी गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा टण टण. तू रूळ आवळायची चावी ठोकायला बाहेरच्या अंगाला उतरला असशील म्हणून वाचलास. दुसरं काही नाही.

दोन वर्षं तू रोज सकाळी माझ्या बांधावरून जातोस आणि मान वर करत नाहीस. नको करू. मला त्याचं काही नाही. तुझ्या पोरीची सुपारी फोडायला पाहुणे बसले होते, त्यांनी तुला विचारलं एक आणि तू सांगितलं दुसरंच. ते एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, तो बहिरा आहे, मोठ्याने बोला. त्यात मी खोटं काय बोलले? पाहुणे उठून गेले तर ते पाहुणेच हलके होते. पोरगी आता सुरतेकडे सुखात आहे ना? मग झालं.

मला बोलायचंय ते वेगळं. हिवतापात त्या कडू गोळ्या खाऊन तुझे कान गेले हे रेल्वेत कोणाला माहीत नाही. तू चावीवाला. रोज पहाटे रूळ बघत चालायचं, ढिली चावी दिसली की ठोकायची. कान असलेल्या माणसालाही त्यात मरण आहे. पण स्वच्छ दिवशी मी बघते ना, तू सारखा मागे वळून बघतोस. इंजिनाचा धूर तुला लांबून दिसतो. मधेच रुळाला पाय लावून हादरा घेतोस. कान नाहीत तरी डोळे आणि पाय आहेत, म्हणून मी इतके दिवस गप्प होते. धुक्यात डोळेही गेले. आता राहिलं काय तुझ्याजवळ?

धुकं असेल त्या दिवशी सूर्य दिसल्याशिवाय रुळावर चढू नको. एवढंच सांगायचं होतं.

आणि घाबरू नको, धुक्याचा बंदोबस्त मी करते. आपले आबा धानोऱ्याला आंब्याच्या मोहराला धूर द्यायचे, आठवतं? वाळत घातलेली मिरची धुक्याने सडू नये म्हणून मी यंदा तोच धूर देते. ओला पाचोळा, तुरीच्या काड्या, वर मिरचीचे देठ. पहिल्याच दिवशी धुकं झटक्यात निघून गेलं. सगळा शिवार बघत राहिला. उद्यापासून रुळाच्या बाजूनेही ढीग लावते. माझ्या मिरचीचंही भलं आणि तुझंही.

तुझी मोठी बहीण
कमली


मार्गशीर्ष वद्य ८

हिलाल,

मागचं पत्र ठकुबाईच्या हातात बाजारात दिलं होतं. आज ती भेटली. विचारलं, वाचलं का तुझ्या नवऱ्याने? तर म्हणते, "वाचनं आनि चुल्हामा टाकी दिनं." बरं झालं. वाचलं तरी.

पण वाचून काय केलंस? आज पुन्हा गेलास ना धुक्यात?

मला समजत नाही काय होतंय. मी रुळाच्या कडेने ढीग लावले. माझं बघून दलसिंगनं लावले. दलसिंग म्हणजे माझ्या पथारीला लागून ज्याची पथारी आहे तो, पाटलाचा चुलत भाऊ, बोलायला एक नंबर. त्याचं बघून बाकीच्यांनी. पहाटे नुसता जाळच जाळ, म्हणजे जाळ नाही, धूरच. डोळ्यात मिरचीचा ठसका, लहान पोरं रडतात, म्हाताऱ्या शिव्या देतात. आणि धुकं कमी व्हायचं सोडून वाढतंय. पूर्वी न्याहारीच्या आत उठायचं. आता दुपार व्हायला येते तरी ढग जमिनीवर बसलेला. ढगच म्हणते मी त्याला. आभाळातला ढग खाली उतरून आमच्या पथारीवर ठाण मांडून बसतो, बिऱ्हाड केल्यासारखा.

दलसिंगला म्हटलं, हे काय? तो म्हणाला धूर कमी पडतोय, वहिनी, आणखी टाकू. मलाही तसंच वाटलं. आणखी टाकला.

आज दोन वेळा शिटी वाजली. एकदा लांब, एकदा जवळ. दर वेळी मी काम टाकून उभी राहते आणि हातोडा ऐकते. टण टण आलं की श्वास सोडते. मजूर बाया हसतात. म्हणतात कमलीबाईचं चित्त रुळावर आहे. असू दे.

एवढी भीती मला तुझे दाजी वारले तेव्हाही नव्हती. ते अंथरुणात होते, दिसत होते. तू दिसत नाहीस. नुसता आवाज येतो आणि तो कधीही बंद पडेल.

मी आज स्टेशनापर्यंत गेले होते, तुला सांगून टाकते. मास्तरला सांगणार होते की धुक्याच्या दिवशी माझ्या भावाला रुळावर पाठवू नका. अर्ध्या वाटेवर कळलं की तो विचारेल, का? बाकीचे चावीवाले जातातच की. मग मी काय सांगू? खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तुला डॉक्टरकडे नेतील, कानाशी घड्याळ धरतील, आणि घरी बसवतील. रेल्वेची खोलीपण जाईल. नाही सांगितलं तर मी तुला मारते. फलाटावर उभी राहिले, मास्तर म्हणाला काय पाहिजे बाई, मी म्हटलं पाणी. पाणी पिऊन परत आले.

थोडे दिवस ताप आला म्हणून पड ना. मिरचीचा हंगाम संपेपर्यंत.

कमली


मार्गशीर्ष वद्य १२

हिलाल,

हे पत्र चुलीत टाकण्याआधी दोनदा वाच.

धुकं मी करते आहे.

वेडी झाले असं म्हणशील. ऐक. काल नजीर आला होता. नंदुरबारच्या व्यापाऱ्याचा माणूस, माल बघून भाव बोलतो तो. गप्पिष्ट, पण माणूस वाईट नाही. चुलीशी बसला, मी चहा ठेवला. पातेल्यातून वाफ निघत होती, अगदी पातळ, दिसेल न दिसेल अशी. हा बिडी ओढत होता. गंमत म्हणून त्याने बिडीचा धूर त्या वाफेत फुंकला. आणि हिलाल, ती वाफ एकदम पांढरी झाली. दाट. पिंजलेल्या कापसासारखी. नजीर हसला, "देखो कमलीबाई, बादल बना दिया."

मी म्हटलं, परत कर. त्याने केलं. परत तेच. फुंकर घातली की कापूस, धूर विरला की पुन्हा पातळ वाफ. मी त्याला सगळी बिडी तिथेच संपवायला लावली, मग दुसरी पेटवायला लावली. तो म्हणाला बाई, चहा उतू जाईल, माल कधी दाखवणार? माल कसला. 

नजीर गेल्यावर मी बघत सुटले. आज पहाटे पितळी ताट पथारीत मांडून ठेवलं. उन्हं आल्यावर पाणी वाळलं तर ताटभर बारीक बारीक काळे ठिपके. प्रत्येक थेंब जिथे होता तिथे एक ठिपका. थेंबाच्या पोटात धूर होता, हिलाल. पाणी उडून गेलं आणि पोटातलं राहिलं.

मग कुंपणावरची कोळ्यांची जाळी बघितली. माझ्या पथारीजवळच्या जाळ्यांवर पाणी पिठासारखं, डोळ्याला थेंब वेगळा कळत नाही. तिकडे विहिरीपलीकडे, जिथे धूर पोचत नाही, तिथे जाळ्यांवर मोत्यांएवढे थेंब. मी उभी होते तेवढ्यात ते जड होऊन टपकले, आणि तिकडचं धुकंही केव्हाच निवळलेलं होतं.

मी दुसरीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळतं. पाण्यालाही टेकायला काहीतरी लागतं. नुसत्या हवेत ते कशाला धरून बसेल? धुळीचा कण असो, चुलीचा धूर असो, इंजिनाची काजळी असो, कण मिळाला की पाणी त्याच्यावर बसतं. कण थोडे असले तर थेंब थोडे आणि जाड. जाड झाले की पडतात, मोकळं होतं. आम्ही काय केलं, तर हवेत कणांचा बाजार भरवला. पाणी तेवढंच आणि वाटेकरी लाख. मग प्रत्येकाच्या वाट्याला पिठाएवढं येतं, आणि पिठाएवढं पाणी खाली पडत नाही, हवेतच लोंबकळत राहतं. ते पांढरं होतं, त्याच्यातून काही दिसत नाही. वर आभाळातही असंच होत असेल तर ते ढग तरी कसे पडणार? पण ते राहू दे. मला वरच्या ढगाची चिंता नाही, रुळावरच्या ढगाची आहे.

आबांचं बरोबर होतं. आबा धूर करायचे तो हिवासाठी, आभाळ कोरडं आणि चांदण्या लखलखीत असताना, मोहर गारठू नये म्हणून. धुक्याला त्यांनी कधी धूर केला नव्हता. मी ते नीट न बघता उचललं. आणि पहिल्या दिवशी धुकं गेलं ते वारा सुटला म्हणून गेलं. आता आठवतं, त्या दिवशी माझ्या डोक्यावरचा पदर उडत होता.

मी तडक दलसिंगकडे गेले. म्हटलं धूर बंद करा, धुरानेच धुकं वाढतंय. ताट दाखवलं, जाळ्यांचं सांगितलं. तिथे आणखी चारजण बसले होते. दलसिंग हसून म्हणाला,

"तुन्ही मिरची वाळी गई, आते आम्हनी सडो का?"

सगळे हसले. माझी मिरची आधी वाळली हे खरं आहे, मी आधी तोडली होती. त्यांना वाटतं भावासाठी बाई बाकीच्यांची मिरची भिजवायला निघाली. कोणी म्हणालं धूर करायला हीच शिकवते आणि बंद करायलाही हीच सांगते, हिला गावकी द्या. मी म्हटलं, मी चुकीचं शिकवलं. तर म्हणे, मग आता बरोबर शिकवते हे कशावरून?  याचं उत्तर तुला सापडतं का बघ.

माझे ढीग मी मोडले. पण बाकीच्यांचे धुपतातच, आणि धुक्याला बांध कुठे कळतो.

ठकुबाई सांगत होती की तू रजा मागितली नाहीस, कारण मुकादमाला आधीच संशय आहे. त्याने मागून हाक मारली आणि तू वळला नाहीस म्हणे. रजा मागितली तर डॉक्टरकडे पाठवील. म्हणजे तुला घरीही बसता येत नाही.

मला झोप लागत नाही. डोळा मिटला की टण टण थांबतं.

कमली


पौष शुद्ध १

हिलाल,

अक्षर वाकडं आलं तर लावून घे. कोपर सोलून निघालंय, पण हाड शाबूत आहे. तुझ्या गुडघ्याला हळद लाव म्हणून ठकुबाईला निरोप दिलाय.

काल तुला काही सांगायला वेळ मिळाला नाही. तूही विचारलं नाहीस. म्हणून लिहिते.

काल पहाटे मी ठरवलं की लोक ऐकत नाहीत तर आपणच विझवू. रुळाच्या कडेला दलसिंगचे ढीग धुपत होते, राखण्या पोऱ्या घोंगडीत झोपला होता. मी विहिरीवरून घागरी आणल्या आणि एकेका ढिगावर ओतल्या. चर्रर्र झालं. मला बरं वाटलं. वाटलं, संपलं आजचं.

पण ते विझले नाहीत, हिलाल. वरचं विझलं, आतलं धुमसत राहिलं. आणि ओल्या ढिगातून जो धूर निघाला तो मी आजवर बघितला नव्हता. पांढरा, जड. वर जाईना. जमिनीवरून सरपटत थेट रुळाकडे गेला, मिरचीच्या देठांचा, असा की डोळे उघडवेनात. धुकं तर आधीचंच होतं. दोन्ही एकमेकांना भेटले आणि भिंत उभी राहिली. माझा हात मी तोंडासमोर धरला तर बोटं दिसेनात.

आणि तेवढ्यात टण टण सुरू झालं.

मी खोकत खोकत रुळावर चढले. तुला गाठायचं आणि ओढून खाली आणायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. आवाजाच्या मागे चालत गेले. पायाखाली खडी, बाजूला काही नाही. मधेच पायाला रूळ लागला आणि तो थरथरत होता. मी वाकून हात लावला. मग ऐकू आलं. गाडी मागून येत होती. पुलाची शिटी दिली तिने. पुढे तुझा हातोडा चालूच, टण टण टण, जणू काही नाही.

पळाले. किती पळाले माहीत नाही, दोनदा पडले. हातोड्याचा आवाज एकदम अंगावर आला आणि मी तुझ्या पाठीवर आदळले. तू दचकलास. मी तुझ्या कमरेला मिठी घातली आणि उतारावर अंग टाकलं. एवढंच मला आठवतं. मग वरून चाकं गेली. इतकी जवळून की तोंडावर गरम पाणी उडालं.

तू उठून बसलास. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता हा काही तरी म्हणेल, दोन वर्षांनी. तू म्हणालास,

"मी ठोकी ऱ्हायंतू. हादरा समजना नही."

मी मान हलवली. कळलं. स्वतःच ठोकत असताना रुळाचा हादरा कसा लागणार? ते तुलाही पहिल्यांदाच कळलं असावं, कारण तुझं तोंड असं पांढरं पडलं की मी माझी भीती विसरले. तू रुळाकडे बघत होतास, जसा आपला पाळलेला कुत्रा चावल्यावर माणूस बघतो.

पुढे जे झालं ते तुला ऐकू आलं नसेल. सांगते, म्हणजे कोणी विचारलं तर दोघांचं एकच राहील. गाडी पुलापलीकडे थांबली होती. गार्ड कंदील घेऊन मागे आला, रागाने लाल झालेला. तुझ्याकडे बोट करून मला म्हणाला, एवढी शिटी दिली, याला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, ऐकू येतं, चांगलं ऐकू येतं. मीच रुळावर होते साहेब, धुरात वाट चुकले, पाय अडकला. शिटी ऐकून हा मला ओढायला पळत आला, नाहीतर मी गेले असते. त्याने तुझ्याकडे बघितलं. तू नेमका तेव्हा मान खाली घालून गुडघा चोळत होतास, बरंच झालं. तो म्हणाला, शाबास. ते तुला म्हणाला. मला म्हणाला, नाव सांग, रेल्वेच्या हद्दीत शिरल्याबद्दल नंदुरबारला बोलावणं येईल.

नाव सांगितलं. येऊ दे बोलावणं. मला त्याची भीती नाही. म्हणजे आहे, कचेरीत मी कधी गेले नाही, पण ती वेगळी भीती आहे, माणसासमोर उभं राहायची. रुळाची भीती त्याहून जास्त आहे.

मुकादमाने विचारलं तर एवढंच सांग, बहीण रुळावर होती, शिटी ऐकली, ओढली. जास्त बोलू नको. तुझं जास्त बोलणं चुकतं.

कमली


पौष शुद्ध २, संक्रांत

हिलाल,

तिळगूळ पाठवत नाही. मला गोड बोलता येत नाही आणि तुला ऐकू येत नाही, सण कशाला वाया घालवायचा.

काम आहे म्हणून लिहिते.

काल दुपारी दलसिंग माझ्याकडे आला. मला वाटलं ढीग विझवले म्हणून भांडायला आला. नाही. तो रडवेला झाला होता. गावात तुझी बातमी पोचली आहे, बहिणीला गाडीखालून काढलं म्हणून तुझं नाव झालंय. दलसिंग म्हणाला, वहिनी, धुक्यात तुम्ही दोघं गेला असतात. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय. मी म्हटलं, धूर बंद? तो म्हणाला, बंद कसा? आता दुप्पट करतो. दोन्ही बाजूंनी, रुळाच्या कडेने पुलापर्यंत ढीग लावतो, हिलालभाऊच्या जिवासाठी. गावातून पाचोळ्याच्या गाड्या भरून निघाल्यासुद्धा.

मी त्याला धरून सांगितलं. नजीरची बिडी सांगितली, ताट सांगितलं, जाळी सांगितली. चुलीवर पातेलं ठेवलं, त्याला बिडी दिली. तो ओढत नाही. मग मीच लाकडाचा धूर पदराने वाफेत घातला, तर वाफेपेक्षा माझ्याच डोळ्यात जास्त गेला. त्याने माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि म्हणाला, वहिनी, तुम्ही घाबरल्या आहात, पडा थोडं. खरंच कळवळून म्हणाला.  शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं.

ते आता ढीग लावत आहेत. इथून दिसतं. बाया टोपल्या भरून देठ नेत आहेत, एकमेकींना हाका मारत, लग्नाच्या तयारीसारख्या. उद्या पहाटे वारा पडलेला असणार, हवेत ओल दाटलीये. उद्याचं धुकं परवाच्यापेक्षा जाड असणार आणि ते तुझ्या भल्यासाठी केलेलं असणार.

तू थांबणार नाहीस. ठकुबाईने सांगितलं, तू म्हणालास चावी सुटली तर गाडी पडेल, त्यात माणसं असतात. ते मला पटतं. न पटून चालत नाही.

म्हणून आता मी सांगते तसं कर. उद्या पहाटे मी तुझ्या चौकीशी येते. नको म्हणशील तरी येणार. पोती शिवायचा सुताचा दोर आणते, चांगला लांब. एक टोक तुझ्या कमरेला बांधायचं, करगोट्याच्या वर, गाठ सुटणारी नको. दुसरं माझ्या मनगटाला. तू रुळावर चाल, तुझं ठोक. मी रुळाच्या खाली, कडेच्या पायवाटेने चालेन. डोळे मलाही नसतील त्या भिंतीत, पण कान आहेत. माझे कान तू वापर. मुकादमाने बघितलं तर सांग, बहिणीला रूळ ओलांडून शेतावर सोडतोय. धुक्यात त्याला दोर दिसणार नाही.

असं मिरची पोत्यात जाईपर्यंत रोज. मग धूर बंद होईल, ढग उठेल, तू तुझ्या वाटेने आणि मी माझ्या. बोलायचं नसेल तर तेव्हाही बोलू नको, उद्याही नको. मला दोराचं कळलं म्हणजे झालं.

दोराची भाषा आत्ताच ठरवू, तिथे समजावता येणार नाही. एक झटका म्हणजे थांब, ठोकणं बंद कर. दोन झटके म्हणजे सगळं टाकून माझ्या बाजूला उतर, हातोडा गेला तर जाऊ दे. तिसरा झटका ठरवलेला नाही. तेवढा वेळ नसतो.

तुझी मोठी बहीण
कमली